नातेवाईकाची सही

माझ्या रक्ताची एचआयव्हीसाठी तपासणी झाली आहे, हे मला कुठल्याही डॉक्टरने सांगितलं नाही. ते मला वहिनीच्या नेलपॉलिशवरून कळलं.

उल्हासनगरच्या नर्सिंग होममधून घरी येऊन तीन दिवस झाले होते. ताप होताच. दुपारी वहिनीने जेवणाचं ताट आणून दिलं, तेव्हा काठाखाली बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. उलटून पाहिलं तर गुलाबी ठिपका. वाटीला ठिपका, पेल्याला ठिपका, चमच्याच्या दांड्यालाही ठिपका. घरातल्या बाकी कुठल्याच भांड्याला नव्हता.

"वहिनी, हे काय?"

"काही नाही ओ ताई. तुमची भांडी वेगळी ठेवलीत, एवढंच. डॉक्टरांनीच सांगितलंय ह्यांना."

"काय सांगितलंय?"

"ते तुम्ही ह्यांनाच विचारा ना. मला कशाला मध्ये घेता?" असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडला.

आजारातून उठल्यावर माणसं लिहितात ते इतरांना धीर यावा म्हणून. माझ्या लिहिण्याने कोणाला धीर आला तर चांगलंच आहे. पण मी हे लिहायला बसले ती रागाने, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

चार प्रश्न

मी अंबरनाथची. शिवमंदिराच्या अलीकडे आमचं घर. वडील इथल्याच एका कारखान्यात लेथवर होते; ते गेले, आता आई, दादा, वहिनी आणि मी. वकिली शिकले, दहा वर्षं कोर्टात घालवली, आणि मग एका आंतरराष्ट्रीय मिशनवर मानवी हक्क अधिकारी म्हणून सुदानच्या दक्षिण भागात गेले. ते साल २००७. तिथे शांतता करार झाला होता, निदान कागदावर.

आमच्या गल्लीत समज असा, की मी तिकडे एसीत बसून इंग्रजीत भाषणं ठोकते. काम फार साधं होतं. जळालेल्या गावात चालत जायचं, लोकांचं ऐकायचं आणि लिहून घ्यायचं. कोण आले, गणवेश होता का, कोणाला नेलं, बायकांचं काय केलं. मग तेच दुसऱ्या माणसाकडून, पहिल्याचं नाव न घेता, पडताळून पाहायचं.

पण त्याआधी चार प्रश्न. तुम्हाला बोलायचं आहे का? मी लिहून घेऊ का? हे कोणाकोणाला सांगितलेलं चालेल? तुमचं नाव, गाव घालू का? जिचं घर कालच जाळलंय, जिच्या अंगावर धड कपडा नाही, अशा बाईलासुद्धा हे चार प्रश्न विचारल्याशिवाय पेन उघडायचं नाही. तिचा नवरा किंवा दीर पुढे होऊन म्हणाला, "तिच्या वतीने मी सांगतो," तर त्याला गोड बोलून बाहेर सावलीत बसवायचं. ती नाही म्हणाली, की वही मिटायची. मग तिची हकिकत कितीही महत्त्वाची असली तरी मिटायची.

तीन वर्षं मी हे केलं. आणि माझ्या स्वतःच्या गावापासून तीन किलोमीटरवर, पंख्याखाली, माझं रक्त काढून नेलं आणि त्याचं काय करणार हे मला सोडून सगळ्यांना विचारलं.

दादा

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सरकारी कचेरीत हेडक्लार्क. संध्याकाळी तो आला, बूट काढेपर्यंत मी थांबले.

"तू सही केलीस?"

"कशावर?"

"दादा."

तो खुर्चीत बसला. "हे बघ, डॉक्टर म्हणाले, आफ्रिकेतून आल्यात, तर करून घेतलेली बरी. सगळ्यांचीच करतात म्हणाले. फॉर्मवर नातेवाईकाची सही लागते, मी केली."

"मला का नाही विचारलं?"

"तू तापात होतीस."

"तापात मी तुझ्या पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते! तूच पेन आणून दिलंस."

"अगं पण निगेटिव्ह आलीय ना? मग चिडतेस कशाला?"

"निगेटिव्ह आलीय तर माझ्या ताटाला टिळा कशाला लावलाय?"

"डॉक्टर म्हणाले, लगेच दिसत नाही. तीन महिन्यांनी परत करायची. तोपर्यंत घरात जरा काळजी घ्या."

"आणि हे मला कधी सांगणार होतास?"

तो खरं बोलणारा माणूस आहे. म्हणाला, "तीन महिन्यांनी."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्यांनी ऐकलं, त्यांना विचारा. तपासणीआधी माणसाला समजावून सांगायचं, त्याला विचारायचं आणि मगच रक्त घ्यायचं, हा नियम तेव्हाही होता. ताटावाटीतून हा रोग जात नाही, हे तेव्हा शाळेच्या भिंतीवरसुद्धा रंगवलेलं होतं. पण नर्सिंग होममधून ती बातमी माझ्याआधी घरी आली, आणि घरातून माझ्याआधी बाहेर गेली. बदलापूरला खरवईत राहणाऱ्या आत्याचा फोन आला. "कशी आहेस बाळा? आता लग्नाबिग्नाचं काही मनात आणू नकोस हं." मी एकेचाळीस वर्षांची होते आणि लग्नाचं तिच्याशिवाय कोणाच्याच मनात नव्हतं.

आईला हे सगळं सगळ्यात शेवटी कळलं. दुसऱ्या दिवशी जेवायला बसताना तिने माझ्या हातातलं ठिपक्याचं ताट काढून घेतलं, स्वतःपुढे ठेवलं आणि वहिनीला म्हणाली, "वाढ."

"आई, अहो ते..."

"माझ्या मायला गावात वरून पाणी वतायचे. वंजळीत. हात लांब धरून. ते सोडून आपण माणसात आलो. आता माझ्या घरात माझ्या लेकीचं ताट येगळं? वाढ म्हणते ना."

एरवी आई शहरी बोलते. त्या दिवशी तिची भाषा गावाला गेली. वहिनीने वाढलं. दादा मान खाली घालून जेवला.

राउंड

पुढच्या आठवड्यात मी मोरीत चक्कर येऊन पडले आणि पुन्हा त्याच नर्सिंग होममध्ये गेले. दुसरीकडे न्यायला वेळ नव्हता.

तिथली खाट खिडकीशी होती. खाली नाला. आसपास जीन्स धुवायचे कारखाने, त्यामुळे नाला रोज निळा वाहायचा आणि फिनेलच्या वासात त्याचा आंबूस वास मिसळायचा. सकाळी सहाला फरशी पुसली जाई, सातला थर्मामीटर, अकराला डॉक्टरांचा राउंड. डॉक्टर माझ्या खाटेच्या एका बाजूला उभे राहायचे, दादा दुसऱ्या, आणि बोलणं माझ्या पोटावरून चालायचं.

"पेशंटला भूक लागते का?"

"खाते तशी बऱ्यापैकी," दादा म्हणायचा.

"झोप?"

"पेशंट इथे आहे," मी एकदा म्हटलं. "जिवंत आहे. मराठी समजतं."

डॉक्टर हसले. "वकील आहेत ना!" असं दादाला म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

ताप रोज चढायचा आणि उतरायचा. मलेरियाचं औषध झालं, टायफॉइडचं झालं. पाय काटकुळे, पोटाची डावी बाजू दगडासारखी. दात घासताना रक्त यायचं. चेहरा आणि हात काळवंडत चालले होते. आरशात पाहायचं मी सोडून दिलं. आता टीबीचं औषध सुरू करून पाहू असं ठरलं होतं. कोणाचं ठरलं होतं, ते सांगायला नकोच.

मला भीती वाटत होती. सुदानमध्ये कधी वाटली नव्हती असं नाही. रस्त्यात बंदूकवाल्यांनी गाडी अडवली की वाटायचीच. पण तिथे समोर कोण आहे हे दिसायचं. इथे मी मरत होते आणि का मरते आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. आणि कळलंच तर मला सांगतील की नाही, याचीही खात्री नव्हती. ही दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी होती. दादा खाली औषध आणायला गेला, की तो जिन्यात डॉक्टरांशी बोलतोय का, हे मी कान देऊन ऐकत असे. आपल्याच भावाची पावलं अशी मोजायला लागावीत, याचा मला आजही संताप येतो.

मी काय लपवलं

आता माझी चूक सांगते, कारण रागाला न्याय हवा असेल तर तो माझ्यावरही हवा.

डॉक्टरांनी एकदा मला थेट विचारलं होतं. एकदाच, पण विचारलं होतं.

"सुदानमध्ये नेमक्या कुठे होतात?"

"मलाकालला."

"कसं आहे?"

"नदीकाठचं शहर आहे. ऑफिस, मेस, जनरेटर."

"खेड्यांत वगैरे जाणं?"

"कामासाठी."

"कुठली खेडी? कोणाकडे राहत होता?"

"ते सांगता येणार नाही."

हे उत्तर माझ्या तोंडून आपोआप आलं. आमच्याकडे गावाचं नाव वहीतसुद्धा लिहीत नसत, नुसता आकडा. आमच्यातल्या एकाने एकदा बोलण्याच्या ओघात एका गावाचं नाव घेतलं होतं. आठवड्याने त्या गावच्या शिक्षकाला उचलून नेलं. तो परत आला, पण त्याच्या दोन्ही हातांची बोटं कामाची राहिली नाहीत. तेव्हापासून मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी 'मलाकाल' एवढंच सांगितलं असतं. कुठे गेलात, कोणाकडे राहिलात, या प्रश्नांना माझं तोंड आपोआप मिटायचं. समोर बंदूकवाला आहे की स्टेथोस्कोपवाला, हा फरक करायची सवयच राहिली नव्हती.

डॉक्टरांनी भुवया उंचावून दादाकडे पाहिलं. बाई एकटी, परदेशात, कोणाकडे राहिली ते सांगत नाही. दोन पुरुषांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. केसपेपरवर त्या दिवशी लिहिलं गेलं: 'पेशंट माहिती देण्यास तयार नाही.' ते मी नंतर वाचलं. खोटं नव्हतं ते.

मौसी

शेजारच्या खाटेवर एक तरुण मुलगी होती, अपेंडिक्सच्या ऑपरेशनची. तिची सासू दिवसभर तिच्याजवळ बसून असायची. मुजफ्फरपूरकडची. मुलगा इथे जीन्सच्या कारखान्यात शिलाईवर. सगळा वॉर्ड तिला मौसी म्हणायचा. सुनेचं आवरून झालं की ती माझ्याकडे पाहत बसायची. एका सकाळी स्टूल ओढून आली.

"बिटिया, बुखार दिन में दो बार चढ़ता है ना?"

मी मान हलवली. तापाचा कागद खाटेला टांगलेला होता; तो तिला वाचता येत नव्हता. तिने मला पाहिलं होतं.

"और भूख मरी नहीं है."

"नहीं."

"उधर सोती कहाँ थी?"

माझं तोंड मिटायच्या बेतात होतं, पण तिने जागेचं नाव विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "टेंट में. कभी लोगों के झोपड़े के बाहर, ज़मीन पर. अंदर गर्मी बहुत होती थी."

"झोपड़ा मिट्टी का? गाय-बैल बगल में?"

"हाँ. गुरं... जानवर वहीं बँधते थे."

"मिट्टी कैसी थी? फटी हुई?"

"काळी. काली. इतनी बड़ी दरारें."

"छोटी-छोटी मक्खी काटती थी? जो आवाज नहीं करती?"

मी उठून बसले. संध्याकाळी घोट्याशी चावणाऱ्या त्या बारीक माशा. गोठ्यात पेटवलेल्या शेणाच्या धुरात बसलं की कमी व्हायच्या. तिथल्या बायका मला हाताला धरून धुराकडे ओढायच्या.

मौसीने माझ्या पोटाच्या डाव्या बाजूला हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. "तिल्ली है," ती म्हणाली. म्हणजे प्लीहा, सुजून दगड झालेली. "कालाजार है तेरे को. हमारे गाँव में बच्चा-बच्चा पहचानता है. मुझे भी हुआ था, सुई लगी, बच गई. मेरी बहन को नहीं लगी."

अकराच्या राउंडला ती उभी राहिली आणि तिने डॉक्टरांना हेच सांगितलं.

"मौसी, तुम डॉक्टर हो क्या?" ते हसत म्हणाले.

"नहीं साहब. मरीज थी."

डॉक्टरांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दादाकडे न पाहता, बहुधा पहिल्यांदाच. "काळी जमीन, गोठ्याजवळ झोपणं, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही गावाचं नाव विचारलंत," मी म्हटलं.

हे उत्तर बरोबर होतं आणि तरीही मला त्याची लाज वाटली. एकाही माणसाचा जीव धोक्यात न घालता मी जमीन सांगू शकले असते, गुरं सांगू शकले असते, माशी सांगू शकले असते. गाव लपवायच्या नादात मी सगळंच लपवलं होतं. आणि मोकळे प्रश्न कसे विचारायचे याचं प्रशिक्षण मी स्वतः नव्या लोकांना देत होते. मौसीला ते कोणी शिकवलं नव्हतं.

डॉक्टरांचं श्रेय त्यांना देते. त्यांनी तासाभरात मुंबईला फोन केला, चिठ्ठी लिहिली आणि मला तिथल्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. चूक कळल्यावर ते अडून बसले नाहीत.

माझी सही

मुंबईला दुसऱ्या दिवशी एक शिकाऊ डॉक्टर मुलगी फॉर्म घेऊन आली. कमरेच्या हाडातून मगज काढून तपासायचा होता. दादाने सवयीने खिशातलं पेन काढलं आणि हात पुढे केला.

"काका, तुम्ही नाही," ती म्हणाली. "पेशंट शुद्धीवर आहेत. त्यांना मी आधी समजावते, मग त्या सही करतील. किंवा नाही करणार."

किंवा नाही करणार. मला रडू फुटलं. तिला वाटलं मी सुईला घाबरले. तिने सुई किती जाड असते, कुठे टोचतात, किती दुखतं, सगळं सांगितलं. काही कमी केलं नाही. मी सही केली. सही कोर्टात चालली नसती इतकी वाकडी आली. पण ती माझी होती.

रोग तोच निघाला, कालाजार; त्या बारीक माशीच्या चावण्यातून होणारा. पुढे महिनाभर एक दिवसाआड सलाईनमधून औषध. औषध सुरू झालं की तासाभरात हुडहुडी भरायची, दात वाजायचे, तीन ब्लँकेटं घालून आया खाट धरून ठेवायची. मग घाम, मग झोप. दुसरा दिवस सुटीचा, आणि त्या दिवशी उद्याची भीती. ज्यांना हे औषध घ्यावं लागेल त्यांना सांगते: तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत वाटतं की यापेक्षा रोग बरा. पाचव्या वेळी मला ताप आला नाही. मी थर्मामीटर झटकून पुन्हा लावायला लावला.

दादा रोज यायचा. रजा काढून यायचा, मऊ भात घेऊन. मी भात खायचे आणि त्याच्याशी बोलत नसे. एवढ्या आजारी माणसाने एवढा राग धरावा हे नातेवाईकांना पटेना. "भाऊच आहे ना, तुझ्या भल्यासाठीच केलं," असं जो येईल तो म्हणायचा. माझ्या भल्यासाठी सुदानमध्येही बरीच माणसं बोलायला पुढे यायची. त्यांना मी सावलीत बसवत असे.

वहिनी एकदा आली. खाटेच्या कडेला बसून म्हणाली, "ताई, ते ठिपके काढले मी. रॉकेलने घासून."

"का काढलेस?"

"तुम्हाला तसलं काही नाही ना आता."

"आणि असतं तर?"

मी पुन्हा विचारलं, "वहिनी, मला खरंच तो रोग असता तर?"

"माहीत नाही," ती म्हणाली. मला ते उत्तर आवडलं नाही, पण ती खोटं बोलली नाही. लोकांनी मला नंतर कितीदा तरी म्हटलं, उगाच तुझ्यावर संशय घेतला गं. जणू संशय खरा निघाला असता तर ताट वेगळं करणं बरोबर ठरलं असतं. हा माझा राग समजावून सांगताना मी अजून दमते.

केसपेपर

घरी आल्यावर, चालायला लागल्यावर, मी नर्सिंग होममध्ये जाऊन माझे सगळे कागद मागितले. डॉक्टर केबिनमधून स्वतः बाहेर आले. खरोखर आनंदले होते.

"या, या! तब्येत मस्त दिसतेय. तुमची केस मी आमच्या डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये मांडली, बदलापूरला. सगळे थक्क झाले. फोटोपण दाखवले."

"कोणाचे फोटो?"

"तुमचेच. पोटाचे, हातांचे. ॲडमिट होतात तेव्हा काढलेले."

"मला विचारलंत?"

"अहो मॅडम, नाव नाही सांगितलं. फक्त अंबरनाथच्या, सुदानहून आलेल्या महिला वकील, एवढंच."

अंबरनाथमध्ये सुदानहून आलेल्या महिला वकील किती असतील ते त्यांनीच मोजावं. मी त्यांच्यासमोर बसले आणि लेखी तक्रार तिथेच लिहिली, त्यांच्याच पेनाने. न विचारता केलेली तपासणी, फुटलेली बातमी, फोटो. ते म्हणाले, "पण तुमच्या भावाची सही आहे आमच्याकडे."

"मी बेशुद्ध होते?"

"नाही."

"वेडी होते?"

"कसं बोलताय!"

"मग माझा भाऊ माझा पालक कधी झाला?"

तक्रारीचं पुढे काय झालं ते विचारू नका. ती अजून कुठल्यातरी टेबलावर आहे. पण त्या नर्सिंग होमच्या फॉर्मवर आता आधी रुग्णाच्या सहीची ओळ आहे, हे मला मौसीच्या मुलाने सांगितलं. त्याच्या बायकोने बाळंतपणाला गेल्यावर तिथे स्वतः सही केली.

मौसीला मी भेटायला गेले होते. साडी घेऊन गेले, तर म्हणाली, साडी नको, बैठ. तिच्या बहिणीबद्दल ती दोन तास बोलली. मी वही काढली नाही.

वाचून दाखवणं

जबाब लिहून झाला की तो ज्याचा त्याला वाचून दाखवायचा, हा आमच्या कामाचा शेवटचा नियम. चुकलं असेल तर तो दुरुस्त करतो. वहिनीला, आईला, मौसीला मी त्यांचं त्यांचं वाचून दाखवलं आहे. 'वंजळीत' हा शब्द आईने तसाच ठेवायला लावला. दादाला सगळं वाचून दाखवलं, गेल्या रविवारी, नाश्ता झाल्यावर.

तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मध्ये एकदाच थांबवलं. "तू तापात होतीस म्हणून विचारलं नाही, हे मी खोटं बोललो होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, तू हो म्हणशील आणि रिपोर्ट वाईट येईल. मग तुझ्या तोंडाकडे मला बघवलं नसतं. मला आधी एकट्याला माहीत पाहिजे होतं."

"हे लिहू?"

"लिही."

मी लिहिलं. त्याची बाजू मला समजली. मान्य झाली नाही. मग सवयीने चौथा प्रश्न विचारला. "तुझं नाव घालू?"

त्याने कप बशीत ठेवला. "नको," म्हणाला. "ऑफिसात वाचतील. माझ्याबद्दल नको ते बोलतील."

"बरं," मी म्हटलं आणि पेनाला टोपण लावलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भांडेन, टोमणा मारेन, आता कसं लागतं म्हणून विचारेन, अशी त्याची तयारी दिसत होती. मला ते सगळं सुचतही होतं.

"खरंच नाही घालणार?"

"नाही."

"का?"

"तू नको म्हणालास म्हणून."

मग अगदी हळू त्याने विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं. "एवढंच होतं, दादा."